मधलं चाक

रुवीच्या टेकड्यांवर झाड नाही,
आणि रुवीत एक फूटही रूळ नाही.
माझ्या खोलीत आहे. बावीस फूट.
शाजीच्या पलंगाखालून, गॅसच्या सिलिंडरला वळसा घालून
परत दाराशी.

शुक्रवारी वादी कबीरच्या जुन्या बाजारात
ठोकळे किलोवर मिळतात.
कुणाची तरी मुलं मोठी झालेली असतात.
गोणीत हात घालायचा: किल्ल्याचा बुरूज, अर्धा डायनोसॉर,
सरबताचा चिकटा, एकदा तर दुधाचा दात.
त्यातून काळे वेचायचे. काळे थोडेच सापडतात,
मुलांना विमानं हवी असतात.
विमानाचं आमच्या गल्लीत कुणालाच कौतुक नाही.

दिवसा मी क्रेनच्या मोटारी दुरुस्त करतो,
ज्या हलवायला दोन माणसं लागतात.
रात्री ही एक, काडेपेटीएवढी.
तिला टेंडरमध्ये दडवली, बॅटऱ्या बॉयलरच्या पोटात,
वायर ड्रायव्हरच्या जागेतून नेली.
त्यामुळे ड्रायव्हर कमरेपासून वरच आहे,
पण टोपी नीट घातलीय त्याने.
आठ टिकल्या रुंद, एकतीस लांब.
बघणाऱ्याला वाटावं, कोळशावर चाललंय.

सरळ रुळावर झकास.
वळणावर दर वेळी आडवं.
एका बाजूला तीन मोठी चाकं, ताठ,
पंगतीत इंचभरही न सरकणाऱ्या पाहुण्यांसारखी.
सांधा सैल केला. नाकात पन्नास बैसांची नाणी भरली.
गिअर बदलला, मग परत पहिलाच लावला.
घरमालकाचा नातू मुअतसिम चपला काढून उंबऱ्यावर बसायचा,
पडलं की मोठ्याने आकडा म्हणायचा.
चाळीसच्या पुढे गेला होता.
शाजी म्हणाला, भाई, वळणच काढून टाक.
वळण काढलं तर गाडी दाराबाहेर जाईल,
आणि बाहेर जिना आहे.

आमच्या गावच्या बंद स्टेशनात
खरं इंजिन अजून उभं आहे.
लेकीला म्हटलं, फोटो पाठव.
ऋजुता आईची शिवणाची टेप घेऊन कुंपणावरून गेली.
तिचा आवाज आला, मागे कुत्री भुंकताहेत:
"बाबा, चिमणीत साळुंकीने घर केलंय.
चाक तीस इंच, गंज धरून.
आणि ऐका ना, मधल्या चाकाला कडच नाहीये.
पुढच्याला आहे, मागच्याला आहे.
दुसऱ्या बाजूनेही पाहिलं, तसंच.
झिजली का हो?"

चार वेळा ऐकलं. मग उठून दिवा लावला.
झिजली नाही, पोरी. तसंच ओतलंय.
कुणीतरी कागदावर वाकून ठरवलं असणार
की याने रूळ धरायचा नाही.
भार घ्यायचा, दांड्याबरोबर फिरायचं,
वळण आलं की जरासं बाजूला सरकायचं
आणि कुणाला सांगायचं नाही.
तेवीस वर्षं मोटारींत हात घालतोय मी,
एवढं मला सुचलं नव्हतं.

शाजीला समजावून सांगितलं,
तर तो माझ्याकडे बघून हसायलाच लागला.
म्हटलं, गप बस. इंजिनाबद्दल बोलतोय.

कड नसलेली दोन चाकं गोणीच्या तळाशी निघाली,
कुठल्याशा क्रेनच्या कप्प्या होत्या बहुतेक.
बसवली. बटण दाबलं.
पलंगाखाली आवाज लांबला,
मुअतसिमने तोंड उघडून ठेवलं, आकडा तयार,
आणि पलीकडून ते बाहेर आलं
शाजीचा महिन्यापूर्वी हरवलेला मोजा ओढत.
तोंड तसंच उघडं.
मग विचारलं त्याने, कुठे चाललीय?
इथेच, म्हटलं. परत इथेच.
त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

टेप वाया गेली, असं घरून कळतं.
तिशीच्या आकड्यावर गंजाचा डाग पडलाय,
तिने ब्लाउजचं माप घ्यायला कुणी तयार नाही.
ऋजुताने ती स्वतःच्या दप्तरात टाकलीय.
मागे बाभळीत एक डबाही आहे म्हणते,
छप्पर नाही, पण बाकं आहेत.
मोजू का?